टायटल शॉट कुणाला आणि का, हे लिहून द्या

प्रति,
व्यवस्थापन आणि मॅचमेकर (लढती ठरवणारे),
यूएफसी, लास वेगास

विषय : टायटल शॉट, म्हणजे विजेतेपदाच्या बेल्टसाठी लढायची संधी, कुणाला द्यायचा याचा लेखी नियम जाहीर करण्याबाबत

स. न. वि. वि.

तुम्ही एमएमएच्या, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्तीचे डाव सगळं चालणाऱ्या खेळाच्या, व्यावसायिक लढती भरवता. 2026 मधल्या तुमच्या पहिल्या दोन मोठ्या लढती जाहीर झाल्या, तेव्हाच हे पत्र लिहायचं मनाशी पक्कं झालं. 24 जानेवारीच्या यूएफसी 324 मध्ये लाइटवेट या वजनगटाच्या अंतरिम (खरा चॅम्पियन लढत नसताना काढलेल्या तात्पुरत्या) बेल्टसाठी जस्टिन गेजी विरुद्ध पॅडी पिंब्लेट. त्यानंतर आठवड्याभरात सिडनीला यूएफसी 325 मध्ये फेदरवेटच्या बेल्टसाठी अलेक्झांडर व्होल्कानोव्स्की विरुद्ध डिएगो लोपेस. यातली दुसरी लढत 2025 च्या एप्रिलमध्ये एकदा होऊन गेली होती आणि व्होल्कानोव्स्कीने ती जिंकली होती. लाइटवेटमध्ये तुमच्याच रँकिंगप्रमाणे पहिल्या नंबरचा दावेदार अर्मान सारुक्यान होता. फेदरवेटमध्ये मोव्सार एव्लोएव आणि लेरोन मर्फी हे कारकिर्दीत एकदाही न हरलेले दोघे रांगेत उभे होते. तिघांनाही डावललं गेलं. कोणत्या नियमाने, हे तुम्ही सांगितलं नाही, कारण दाखवण्यासारखा नियमच तुमच्याकडे नाही.

गेजी, पिंब्लेट किंवा लोपेसविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. बेल्टची लढत समोर आली आणि त्यांनी हो म्हटलं, कुठलाही फायटर हेच करेल. त्या लढती कशा झाल्या, कोण जिंकलं, हाही माझा विषय नाही. लढत रंगली एवढ्यावरून ती ठरवण्याची पद्धत बरोबर ठरत नाही.

मी कोण, हे सांगते. मी ग्रॅपलिंग, म्हणजे पकडी आणि डावांची झुंज, शिकवते. माझ्याकडे शिकलेली मुलं-मुली हौशी एमएमए स्पर्धांत उतरतात तेव्हा मी त्यांच्या कॉर्नरला असते. ज्युदोत किंवा कुस्तीत वर पोहोचायला काय करावं लागेल असं कुणी विचारलं, तर मला ड्रॉचा कागद समोर ठेवता येतो. ही पहिली फेरी, ही उपांत्य, ही अंतिम. जिंकत गेलीस तर तुला अडवणारं कुणी नाही. व्यावसायिक एमएमएबद्दल हाच प्रश्न आला की मी अडखळते. जिंकत राहा, असं म्हणावं तर एव्लोएवचं उदाहरण समोर येतं. पहिल्या नंबरवर पोहोच, असं म्हणावं तर सारुक्यानचं. दिलेल्या शब्दावर विश्वास ठेव, असं तर मी म्हणूच शकत नाही, आणि त्यामागचं कारण बेलाल मुहम्मद हा फायटर आहे, त्याची गोष्ट पुढे सांगते. या पोरांना मी खोटं सांगू इच्छित नाही, म्हणून तुम्हालाच विचारते आहे.

पहिली तक्रार रँकिंगची. फेब्रुवारी 2013 पासून तुम्ही अधिकृत क्रमवारी छापता. प्रत्येक वजनगटात चॅम्पियन आणि त्याखाली पंधरा नावं. क्रम लावतं क्रीडा पत्रकारांचं मंडळ. लढतीआधी फायटरच्या नावापुढे तो आकडा झळकतो, समालोचक तो पुन्हा पुन्हा सांगतात, प्रेक्षक त्यावर तासन् तास वाद घालतात. पण टायटल शॉट ठरवताना तो आकडा पाळायचं बंधन तुमच्यावर नाही. सोयीचा असला की पुढे करायचा, नसला की बाजूला ठेवायचा. वेल्टरवेटच्या लिऑन एडवर्ड्सच्या बाबतीत तर आकडाच गायब झाला. मार्च 2020 मध्ये लंडनची त्याची लढत कोविडमुळे रद्द झाली. पुढे बराच काळ लढला नाही म्हणून ऑक्टोबरमध्ये त्याचं नाव क्रमवारीतून निघालं, आणि खमजात चिमाएवशी लढायला तो तयार झाल्यावर ते पुन्हा आलं. मधल्या दिवसांत त्याने एकही लढत ना जिंकली होती, ना हरली होती. इतर कितीतरी फायटर त्याहून जास्त काळ घरी बसूनही यादीत टिकले आहेत. न लढल्याबद्दल नाव काढायचं असेल तर जरूर काढा, पण किती महिन्यांनी ते आधी सांगा आणि सगळ्यांना तेच माप लावा.

दुसरी तक्रार दिलेल्या शब्दाची. ती मला सर्वांत जास्त लागते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

6 मे 2023, न्यूअर्क, यूएफसी 288. कार्डवरची, म्हणजे त्या रात्रीच्या लढतींच्या यादीतली, एक मोठी लढत रद्द झाली होती आणि तुम्हाला तातडीने दुसरी हवी होती. बेलाल मुहम्मद आणि गिल्बर्ट बर्न्स जेमतेम तीन आठवड्यांच्या सूचनेवर तयार झाले, तेही पाच राउंडसाठी. जिंकणाऱ्याला वेल्टरवेटचा टायटल शॉट मिळेल, असं तुमच्याकडून जाहीरपणे सांगण्यात आलं होतं. ती लढत पुन्हा बघा. पहिल्याच राउंडमध्ये बर्न्सचा खांदा दुखावतो. त्यानंतर तो डावा हात जवळजवळ वापरतच नाही, पण थांबतही नाही. एका हाताने पाच राउंड उभा राहतो. समोर मुहम्मद अंतर राखून, घाई न करता, एकेक राउंड आपल्या नावावर करत जातो. पंचांचा कौल एकमताने त्याच्या बाजूने लागतो. दोघांनाही ठाऊक होतं की ही संधी पुन्हा सहजासहजी यायची नाही, म्हणून एक जायबंदी अवस्थेत लढत राहिला आणि दुसऱ्याने एकही धोका पत्करला नाही.

पुढे काय झालं? डिसेंबर 2023 मध्ये यूएफसी 296 ला बेल्टसाठी उभा राहिला कोल्बी कव्हिंग्टन. त्याची त्याआधीची लढत मार्च 2022 मधली. एकवीस महिने तो पिंजऱ्यात, म्हणजे लढतीच्या रिंगणात, उतरला नव्हता. मुहम्मदच्या तोंडाला पानं पुसली गेली. त्याला संधी मिळाली ती जुलै 2024 मध्ये मँचेस्टरला, तेव्हाचा चॅम्पियन एडवर्ड्सच्या देशात, अमेरिकेतल्या प्रक्षेपणाच्या सोयीसाठी स्थानिक वेळेनुसार पहाटे ठेवलेल्या लढतीत. तिथे तो जिंकला. जिंकला म्हणून सगळं ठीक झालं, असं कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही. फायटरची ऐन भराची वर्षं मोजकी असतात. न्यूअर्कनंतरचे चौदा महिने त्याला कुणी परत देणार नाही, आणि त्या काळात सरावात गुडघा गेला असता तर आज आपण त्याचं नाव चॅम्पियनांच्या यादीत वाचलं नसतं.

न्यूअर्कच्या त्याच रात्री, त्याच कार्डवर, आणखी एक लढत झाली होती. ऐनवेळी बदली म्हणून आलेला एक नवखा फायटर यूएफसीत पहिल्यांदाच उतरला आणि हरूनही त्याने सगळ्यांची मनं जिंकली. त्याचं नाव डिएगो लोपेस. ज्याने त्याला हरवलं, तो मोव्सार एव्लोएव. आज त्या पराभूताच्या खाती बेल्टच्या दोन लढती जमा आहेत. 2026 च्या फेब्रुवारीपर्यंतच्या हिशेबात विजेत्याच्या खाती एकही नाही.

तिसरी तक्रार अशी की तुमच्याकडे पराभवाची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. होर्हे मास्विदाल जुलै 2020 मध्ये कमारू उस्मानशी बेल्टसाठी लढला आणि हरला. सहा दिवसांच्या सूचनेवर तो आला होता, याबद्दल त्याचं कौतुक आहेच. पण त्यानंतर मध्ये एकही लढत न लढता, एप्रिल 2021 मध्ये, त्याच चॅम्पियनविरुद्ध त्याला पुन्हा बेल्टची लढत मिळाली. या साऱ्या काळात एडवर्ड्स डिसेंबर 2015 नंतर एकदाही हरलेला नव्हता आणि ताटकळत होता. ऑगस्ट 2022 मध्ये सॉल्ट लेक सिटीला अखेर त्याची पाळी आली. शेवटच्या राउंडचं शेवटचं मिनिट चालू असताना त्याच्या एका हेड किकने उस्मान कोसळला. ज्याला तुम्ही इतकी वर्षं थांबवलं, तो चॅम्पियन व्हायच्या लायकीचा होता, हे त्या किकने सिद्ध झालं. तो पुरावा द्यायची वेळ त्याच्यावर इतक्या उशिरा का यावी?

हेवीवेटचं उदाहरण तर त्याहून खटकणारं आहे. स्टिपे मिओचिचने मार्च 2021 मध्ये फ्रान्सिस एन्गानूकडून हार पत्करली. नंतर तो लढलाच नाही. आणि साडेतीन वर्षांहून जास्त काळाने, नोव्हेंबर 2024 मध्ये, थेट जॉन जोन्ससमोर बेल्टसाठी उतरला. मिओचिच हा या खेळातला फार मोठा हेवीवेट होता, त्याच्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण त्या काळात अंतरिम बेल्ट टॉम अ‍ॅस्पिनॉलच्या कमरेला होता. नोव्हेंबर 2023 मध्ये त्याने सर्गेई पाव्लोविचला 69 सेकंदांत खाली पाडून तो मिळवला होता. जुलै 2024 मध्ये कर्टिस ब्लेड्सला 60 सेकंदांत हरवून त्याने तो राखलाही. अंतरिम बेल्टचा बचाव करायची पाळी यावी, हेच मुळात विचित्र. तो बेल्ट असतोच मुळी काही महिन्यांच्या सोयीसाठी. जून 2025 मध्ये जोन्सने निवृत्ती जाहीर केली आणि अ‍ॅस्पिनॉल पूर्ण चॅम्पियन झाला. ज्या लढतीसाठी त्याने दीड वर्षाहून जास्त वाट पाहिली, ती झालीच नाही, आणि आम्हीही ती कधी पाहिली नाही.

अंतरिम बेल्टच्या बाबतीत तुम्ही किती बेफिकीर आहात, याची उदाहरणं याआधीचीही आहेत. टोनी फर्ग्युसनने लाइटवेटमध्ये ओळीने बारा लढती जिंकल्या. या वजनगटात एवढी मालिका फार थोड्यांना जमली आहे. ऑक्टोबर 2017 मध्ये केव्हिन लीला चोक, म्हणजे गळा आवळणारी पकड, लावून त्याने अंतरिम बेल्ट जिंकला. पुढच्या एप्रिलमध्ये खबीब नूरमागोमेदोव्हशी लढत ठरली होती. लढतीच्या प्रसिद्धीसाठी स्टुडिओत गेला असताना वायरीत पाय अडकून तो पडला, गुडघा गेला, आणि हातातोंडाशी आलेला घास निसटला. अपघात कुणाच्या हातात नसतो, ते मी तुमच्या माथी मारत नाही. पण त्याचा अंतरिम बेल्टही गेला, हा निर्णय अपघाताचा नव्हता, तुमचा होता. ती बारा विजयांची मालिका घेऊनही फर्ग्युसन खऱ्या बेल्टसाठी कधीच लढला नाही. त्याच 2018 मध्ये कव्हिंग्टनने जूनमध्ये अंतरिम वेल्टरवेट बेल्ट जिंकला आणि सप्टेंबरमध्ये बेल्टची लढत दुसऱ्यालाच मिळाली. कव्हिंग्टन हा इथे एका ठिकाणी लाभार्थी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी पीडित. मला हेच दाखवायचं आहे. तुमच्या मर्जीतलेही या पद्धतीत सुरक्षित नाहीत.

आता बदली फायटरबद्दल, म्हणजे बेल्टच्या लढतीतलं कुणी ऐनवेळी बाहेर पडलं तर उतरायला तयार ठेवलेल्याबद्दल. हा मुद्दा बाहेरच्यांना किरकोळ वाटतो, म्हणून जवळून सांगते. टायटल लढतीच्या वजनाला सवलत नसते. साध्या लढतीत एक पौंड जास्त चालतो, बेल्टसाठी लाइटवेटला 155 म्हणजे 155. शेवटचे काही पौंड म्हणजे निव्वळ अंगातलं पाणी. माझ्या मुलांचं वजन उतरवताना मी शेजारी बसलेली असते, तेही त्यांच्या मानाने कितीतरी कमी उतरवायचं असतं. गरम पाण्याच्या टबातून बाहेर काढायचं, टॉवेलात घट्ट गुंडाळून आडवं करायचं, नाडी बघत राहायचं. ओठ सुकून पांढरे पडतात. बर्फाचा तुकडा तोंडात फिरवून थुंकून टाकायचा असतो, गिळायचा नाही. एरवी बडबड करणारी पोरगी एका शब्दात उत्तर देते आणि मग तेही देत नाही. काट्यावर उभं राहायच्या क्षणी डोळ्यांसमोर अंधारी येते. हे सगळं करणाऱ्याला निदान दुसऱ्या दिवशी लढायचं असतं. बदली फायटर हे सगळं करतो, काट्यावर उभा राहतो, उतरतो, आणि कुणी आजारी पडलं नाही तर घरी जातो.

मार्च 2023 मध्ये कव्हिंग्टनने असं वजन देऊन ठेवलं, आणि त्याला पुढचा दावेदार ठरवताना ते त्याच्या पारड्यात पडलं. जून 2025 मध्ये इलिया तोपुरिया आणि चार्ल्स ओलिव्हेरा रिकाम्या बेल्टसाठी लढले, तेव्हा सारुक्यानने तेच केलं. त्याआधी, एप्रिल 2024 मध्ये, त्याने याच ओलिव्हेराला हरवलेलं होतं. नोव्हेंबर 2025 मध्ये दोहाला डॅन हूकरला सबमिट करून (पकडीत हार मानायला लावून) त्याने आणखी एक विजय जोडला. त्याच्या पारड्यात काहीच पडलं नाही. एकाच कष्टाची दोन वेगळी मापं कशी?

तुमची बाजू मला समजत नाही असं नाही. जानेवारी 2025 मध्ये सारुक्यानने इस्लाम मखाचेव्हविरुद्धच्या बेल्टच्या लढतीतून पाठीच्या दुखण्यामुळे आदल्या दिवशी माघार घेतली, तेव्हा तुमची किती धावपळ झाली असेल याची मला कल्पना आहे. हूकरला त्याने समोरासमोर उभं असताना डोकं मारलं, तेही चुकीचंच होतं. एव्लोएवने यूएफसीतला आपला प्रत्येक विजय पंचांच्या कौलावर मिळवला आहे आणि 2024 च्या डिसेंबरनंतर वर्षभर तो पिंजऱ्यात दिसला नाही. मेराब द्वालिश्विलीने कितीतरी काळ आपला मित्र अलजमेन स्टर्लिंग चॅम्पियन आहे म्हणून त्याच्याशी लढायला नकार दिला. स्टर्लिंगकडून बेल्ट शॉन ओमॅलीकडे गेल्यावरही ओमॅलीचा पहिला बचाव मार्लन व्हेराशी लागला आणि मेराबला आणखी थांबावं लागलं, पण आधीच्या वर्षांचा दोष तुमच्या एकट्याचा नव्हता. हे सगळं मान्य. मग हेच लिहा ना. ‘आदल्या दिवशी माघार घेतली तर पुढे दोन लढती जिंकाव्या लागतील.’ ‘वर्षभर लढला नाहीत तर एक पायरी खाली.’ ‘पिंजऱ्याबाहेर हात उचललात तर इतके महिने बेल्टची लढत नाही.’ शिक्षा असायला माझी हरकत नाही. ती कशाची आणि किती, हे सोसणाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे.

लोकांना आवडणारी कंटाळवाणी नसलेली लढत हवी, हेही मला मान्य आहे. मीही शेवटी प्रेक्षकच आहे. पण इथे तुमचं जुनं उत्तर आता चालणार नाही. आजवर पे-पर-व्ह्यूचा, म्हणजे प्रेक्षकाने प्रत्येक कार्डासाठी वेगळे पैसे भरून बघण्याचा, हिशेब पुढे केला जायचा. ब्रॉक लेस्नर जेमतेम तीन लढतींच्या अनुभवावर, त्यातली एक हरलेला असताना, 2008 मध्ये बेल्टसाठी उतरला. चेल सोनन 2012 मध्ये मिडलवेटची बेल्टची लढत हरून पुढच्याच लढतीत वरच्या वजनगटाच्या बेल्टसाठी उतरला. निक डियाझ त्याच्या आधीच्या लढतीत हरून आणि निलंबन भोगून 2013 मध्ये जॉर्ज सेंट-पिएरसमोर उभा राहिला, आणि एकामागून एक जिंकत आलेला जॉनी हेंड्रिक्स मागे राहिला. ही नावं खपतात, एवढंच कारण. त्या काळी प्रत्येक कार्ड वेगळं विकावं लागायचं, हे समजू शकते. पण पॅरामाउंट या प्रक्षेपण कंपनीशी तुमचा सात वर्षांचा, 7.7 अब्ज डॉलरचा करार झाला आहे आणि 2026 पासून अमेरिकेत पे-पर-व्ह्यू उरलेलं नाही. प्रेक्षकाने वर्गणी आधीच भरलेली आहे. एव्लोएव लढला म्हणून तुमचा त्या रात्रीचा गल्ला बुडणार नाही. न्याय परवडण्याजोगी स्थिती या खेळात कधी आली असेल तर ती आता आली आहे, आणि नेमक्या याच नव्या कराराच्या पहिल्या दोन कार्डांवर तुम्ही जुनाच मार्ग धरलात.

टायटल शॉट म्हणजे नुसता मान नाही, हे तुमच्या दरपत्रकातही दिसतं. 2021 मध्ये वेनम या कपड्यांच्या कंपनीबरोबरचा करार सुरू झाला तेव्हा कपड्यांच्या प्रसिद्धीपोटी फायटरला प्रत्येक लढतीमागे मिळणारी रक्कम ठरली: नवख्याला 4,000 डॉलर, एकवीस किंवा जास्त लढती झालेल्याला 21,000, बेल्टसाठी आव्हान देणाऱ्याला 32,000, चॅम्पियनला 42,000. म्हणजे अर्धं आयुष्य पिंजऱ्यात घालवलेल्यापेक्षा एकदा बेल्टसाठी उभा राहिलेल्याला जास्त. आणि ही तर फक्त कपड्यांची बाब. लढतीच्या मूळ मानधनातला फरक याहून मोठा असतो. फायटर तुमचे पगारी नोकर नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार आहेत, त्यांची संघटना नाही. 2014 मध्ये फायटरांनी दाखल केलेला खटला 37.5 कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटला आणि 2025 मध्ये न्यायालयाने तिला अंतिम मान्यता दिली. मानधन दाबून ठेवल्याची तक्रार होती ती. टायटल शॉट कुणाला द्यायचा हे एकाच्याच मर्जीवर असेल, तर मानधनाबद्दल तोंड उघडायची हिंमत कोण करील? मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत.

दुसरी पद्धत शक्यच नाही, असं म्हणू नका. जपानमध्ये प्राइड या तुमच्यासारख्याच कंपनीने ग्रांप्री, म्हणजे बाद फेऱ्यांची स्पर्धा, भरवून विजेते ठरवले. बेलाटरने आपल्या सुरुवातीच्या वर्षांत स्पर्धा जिंकेल त्यालाच टायटल शॉट, असा नियम चालवला. पीएफएलने 2018 पासून साखळी फेरी, गुण आणि शेवटी दहा लाख डॉलरचं बक्षीस अशी रचना केली. या पद्धतींतही त्रुटी होत्या. दुखापतींनी ड्रॉ विस्कटायचा, हे मी जाणते. बॉक्सिंगमध्येही चार-चार संघटना आणि चार-चार बेल्ट आहेत, तो गोंधळ मला इथे नको आहे. पण बॉक्सिंगसाठी अमेरिकेत 2000 साली मुहम्मद अली यांच्या नावाचा कायदा झाला. त्यानुसार क्रमवारी लावणाऱ्या संघटनेला वस्तुनिष्ठ निकष ठेवावे लागतात. पहिल्या दहातल्या बॉक्सरचं स्थान बदललं तर सात दिवसांत त्याचं कारण संकेतस्थळावर टाकावं लागतं. हा कायदा एमएमएला लागू नाही. तो लागू करण्याचा प्रस्ताव 2016 मध्ये अमेरिकी संसदेत आला होता, पुढे गेला नाही. कायदा येईल तेव्हा येईल. त्यातली चांगली गोष्ट स्वतःहून उचलायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही.

माझ्या मागण्या अशा :

1. प्रत्येक वजनगटात पुढचा दावेदार कसा ठरतो, याचा लेखी नियम जाहीर करा. तो परिपूर्ण नसला तरी चालेल, सगळ्यांना सारखा असावा.

2. नियम मोडून कुणाला टायटल शॉट द्यायचा असेल तर द्या, तो तुमचा अधिकार आहे. पण लढत जाहीर झाल्यापासून सात दिवसांत कारण लेखी द्या, आणि त्याखाली निर्णय घेणाऱ्याचं नाव असू द्या.

3. ‘ही लढत जिंकणारा पुढचा दावेदार’ असं जाहीर कराल तर ते करारात लिहा. शब्द पाळता आला नाही तर त्या फायटरला आव्हानवीराच्या मानधनाइतकी भरपाई द्या.

4. अंतरिम बेल्ट काढला की एकत्रीकरणाच्या (खरा आणि अंतरिम चॅम्पियन यांच्यातल्या) लढतीची मुदतही त्याच दिवशी सांगा. मुदतीत चॅम्पियन लढला नाही, तर अंतरिम चॅम्पियन हाच चॅम्पियन. आणि जखमी झालेल्या अंतरिम चॅम्पियनचा बेल्ट काढून घ्यायचा असेल, तर बरा झाल्यावर पहिली संधी त्याचीच.

5. बेल्टची लढत हरलेल्याला निदान एक विजय मिळवल्याशिवाय दुसरी संधी नको. लोपेसने मध्ये एक लढत जिंकली होती हे मला माहीत आहे. म्हणूनच याच्या जोडीला हेही हवं, की न हरलेला पात्र दावेदार उपलब्ध असताना त्याला आधी विचारलं जावं, आणि त्याने नकार दिला तर तो नकार जाहीर व्हावा.

6. बदली म्हणून वजन देणाऱ्याला लढतीचं पूर्ण मानधन द्या, आणि दावेदारी ठरवताना त्या कष्टाला सगळ्यांच्या बाबतीत सारखंच महत्त्व द्या.

7. क्रमवारी लावणाऱ्या प्रत्येक पत्रकाराचं मत नावासह प्रसिद्ध करा. किती महिने न लढल्यास नाव निघतं, ते त्याच पानावर छापा.

यातल्या दोन-तीन गोष्टींना पैसे लागतील, हे उघड आहे. बाकीच्यांना एक पान कागद आणि निर्णय घेणाऱ्याची सही पुरेशी आहे. पुढच्या टायटल लढतीची घोषणा कराल तेव्हा तिच्याखाली दोन ओळी जोडा: हाच दावेदार का, आणि त्याच्या वरचे का नाहीत. तेवढ्यापासून सुरुवात केलीत तरी मी ते पान छापून माझ्या मुलांसमोर ठेवीन.

कळावे,

एक ग्रॅपलिंग प्रशिक्षक